आमच्या गढीत रात्री दळण दळतात : तुमच्या गावचं भूत सांगा (फक्त मराठवाडा)

जागल्या

पितरपाटात, म्हणजे पितृपक्षात, असला विषय काढला की आजी रागावते, म्हणून अमावस्या होऊ दिली आणि मग धागा काढला.

माझं आजोळ परभणी जिल्ह्यात, दुधनेच्या काठी. गावाचं नाव सांगत नाही, गावातली चार-पाच पोरं इथं वाचतात. गावाच्या मधोमध गढी आहे. आपल्याकडच्यांना गढी सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, पांढऱ्या मातीच्या उंच तटाचा, बुरुजांचा जुना वाडा. आमच्या गढीचा एक बुरूज उभा आहे. दुसरा लोकांनी अर्धा खणून नेला, कारण या मातीतून पाणी झिरपत नाही आणि माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, टाकायला तिच्यासारखी माती नाही. आत बोरी-बाभळी, एक पिंपळ, आणि पिंपळाखाली जात्याची खालची तळी जमिनीत रुतलेली. शेंदरानं लाल केलेली. वरची तळी नाही.

गोष्ट एवढीच, की पितरपाटात मध्यरात्रीनंतर गढीतून दळल्याचा आवाज येतो. घर्रर्र, मग थांबतो, परत घर्रर्र. घास टाकायला बाई थांबते तसा. ओवी मात्र नाही, नुसतंच दळण. गाव तिला 'दळणारी' म्हणतं. कोण होती, कुणाच्या घरची, कशी मेली, हे एकालाही सांगता येत नाही. मला भुतापेक्षा हेच विचित्र वाटतं. मुंजाला गोष्ट असते, मुंज होऊन लग्नाआधी गेलेला पोरगा. हडळीला असते. पाण्यातल्या आसरांना तर सात जणींची असते. हिला काहीच नाही.

मी स्वतः एकदा ऐकलंय. नववीत होतो, माळवदावर झोपलो होतो. उठून खाली पळालो. नंतर आठ दिवस सगळ्यांना सांगत फिरलो की मी पळालो नाही.

नियम एकच. मित्राच्या मामाच्या साडूची गोष्ट नको. लिफ्ट मागणारी पांढऱ्या साडीतली बाई तर अजिबात नको, तिनं महाराष्ट्रातला एकही घाट सोडलेला नाही.

दोन_नंबरचा_हापसा

आमच्याकडं भूत नाही, रात्रीची लाईट आहे. शेतीला थ्री फेज मिळते रात्री बारानंतर. माणूस गव्हाला पाणी द्यायला एकटा जातो, हातात बॅटरी, पायात गाळ, दोन्ही बाजूनं ऊस. त्याला भूत नाही दिसणार तर काय दिसणार? दिवसा लाईट द्या, निम्मी भुतं बेरोजगार होतील.

कोपीवाला

आमी बीडचे, धारूर बाजूचे. दसरा झाला की गाव सुटायचं, कोयता घेऊन ऊस तोडायला खाली कारखान्यावर. मी सातवीपर्यंत सहा महिने शाळेत अन् सहा महिने फडात. म्हणून माझी भुतं निम्मी बीडची अन् निम्मी तिकडची.

फडात सगळ्यात वाईट वेळ गाडी भरायची. ट्रक कधी येईल त्याचा नेम नाही, रात्री दोनला आला तर दोनला मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढायचं. एकदा आमची बैलगाडी वढ्यापाशी थांबली. बैल पाय उचलेनात. बापानं चाबूक नाही मारला. खाली उतरला, बैलाच्या कपाळाला हात लावून उभा राहिला. आई म्हणली त्याला दिसायलंय काहीतरी. बाप म्हणला, दिसू दे, गेलं की जाऊ. पाच मिनिटांनी बैल आपसूक चालले. मला काहीच दिसलं नाही, पण बापाचा तो हात अजून डोळ्यापुढं आहे.

आता चकवा. तो आमच्या चुलत्याला लागला. माजलगावहून शेवटच्या गाडीनं फाट्यावर उतरला. फाट्यावरून गाव अडीच किलोमीटर, वाट जन्माची पाठ. रात्रभर चालला. तेच बांध, तेच बाभळीचं झाड. तिसऱ्या का चौथ्या फेरीला त्याला स्वतःच टाकलेलं बिडीचं थोटूक सापडलं, मग मात्र तो घाबरला. आजानं शिकवलेलं आठवलं, की चकवा लागला की चालायचं नाही. बूड टेकायचं, तंबाखू मळायची, उजाडू द्यायचं. उजाडलं तवा गाव हाकेवर होतं. बायका पाण्याला निघालेल्या, त्या हसायल्या.

रिटायर्ड_मास्तर

कोपीवाले, आजोबांनी शिकवलं ते शंभर नंबरी. चकव्याची परीक्षा शास्त्रज्ञांनी घेतलेली आहे. २००९ मध्ये जर्मन संशोधकांनी माणसांना जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक सरळ चालले. ढग आले, चंद्र मावळला, की गोल फिरून आपल्याच वाटेवर आले, आणि आपण वळतोय हे त्यांना कळलं नाही. डोळे बांधले तर वर्तुळ २० मीटर व्यासाचं इतकंही लहान झालं. म्हणजे एका वावरात रात्र काढता येते. आपली सपाट काळी रानं, सारखेच बांध, वर अमावस्या. चकव्याला दुसरं काय लागतं?

कोपीवाला

मास्तर, बरोबर असंल. पण चुलत्याला जर्मनचं सांगितलं तर म्हणंल त्यांना पण चकवाच लागला.

पेवातली_ज्वारी

औसा तालुका. आमच्या गावचं भूत पेवात राहायचं.

ज्यांनी पेव बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. अंगणात नाहीतर वेशीजवळ जमिनीत सुरईच्या आकाराचा खड्डा. तोंड एक माणूस उतरेल एवढं, पोट मात्र मोठं. आतून काड लावायचं, ज्वारी भरायची, तोंड दगड-मातीनं लिंपून टाकायचं. दुष्काळ पडला की उघडायचं. त्या ज्वारीच्या भाकरीला एक उबट वास यायचा. माझ्या सासऱ्यांना तो वास आवडायचा. मला दुरूनसुद्धा सहन व्हायचा नाही.

गावात म्हणायचे, पेवात एक बाई बसलेली असते, धान्य राखते, घाई करणाऱ्याला खाली ओढते. सासऱ्यांच्या लहानपणी दोघं भाऊ गेले. पेव उघडलं, थोरला लगेच उतरला, उतरताच बसल्यासारखा खाली गेला. त्याला काढायला धाकटा उतरला, तोही उठला नाही. तिसरा दोर बांधून निघाला होता, त्याला म्हातारीनं धोतर धरून ओढलं म्हणून वाचला. अंगावर दोघांच्याही एक ओरखडा नव्हता. मग भूत नाही म्हणायचं कसं?

पण त्याच गावात रीत अशी होती, की पेव उघडलं की एक दिवस तसंच सोडायचं. त्या बाईला बाहेर जायला वेळ द्यायचा. दुसऱ्या दिवशी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर ती अजून आत आहे. जळत राहिला तर उतरा.

हिंगोलीचा_डॉक्टर

ही रीत ज्यानं बसवली त्याचे पाय धरावेत. बंद पेवात दाणा श्वास घेत राहतो, त्यातला ऑक्सिजन संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाला बसतो. माणूस एक-दोन श्वासांत शुद्ध हरपतो. ओरडायला वेळ मिळत नाही. दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही पडतो. गाळ काढायला वर्षानुवर्षं बंद असलेल्या आडात उतरणारी माणसं आजही अशीच जातात. विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडाच, पण नुसत्या कंदिलावर विसंबू नका. काही वायू असे असतात की दिवा नीट जळतो आणि माणूस मरतो, काही तर दिव्यानंच पेट घेतात. पंखा लावून हवा खेळवा, आणि वर दोर धरून माणूस पाहिजेच.

आडगावची_सून

आमच्याकडे बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, साती आसरा. सात दगड, शेंदूर, हिरव्या बांगड्या. बाळंतपणानंतर मला सासूनं सव्वा महिना बारवेकडे बघूही दिलं नाही. नंतर स्वतः घेऊन गेली, दहीभात ठेवायला लावला, म्हणाली, आता ओळख झाली. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, पन्नास पायऱ्यांच्या ओल्या बारवेत अंगात ताकद नसलेल्या बाईला सव्वा महिना जाऊ न देणं, यात वाईट काय होतं? पाणी दुसरीनं आणायचं, एवढंच.

अशा बारवा आता लोक गाळ काढून साफ करायला लागलेत. परभणीकरांनी वालूरची बारव बघितली नसेल तर बघाच. पायऱ्या गोल फिरत खाली जातात. वरून वाकून बघताना भोवळ येते, त्याला भूत लागत नाही.

सातवी_ड

देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत, त्या काळोख्या भुयारात, मी भूत बघितलंय. शाळेची सहल. गाईडनं टेंभा विझवला अन् म्हणला आता ऐका. वरून काहीतरी फडफडलं, तोंडावर गार थेंब पडला. आमची अर्धी ड तुकडी रडली.

रिटायर्ड_मास्तर

तो थेंब वटवाघळाचा होता हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल अशी आशा आहे. अंधारी मुद्दाम तशी केलेली आहे. वळणं फसवी, पायऱ्या लहानमोठ्या, आणि वरच्या तोंडाशी लोखंडी शेगडी, जिच्यावर जाळ करून आत धूर कोंडता यायचा. शत्रूला घाबरवायला कोरलेली जागा इतक्या शतकांनंतर सातवी ड वर चालली, म्हणजे काम पक्कं झालं होतं.

लातूरची_लेक

धागा छान चाललाय, पण भानामतीबद्दल कुणीच बोलेना. मराठवाड्याची भुतं म्हणायचं आणि ती सोडायची, हे काही बरोबर नाही.

माझी मावशी कर्नाटकच्या सीमेवरच्या गावात दिलेली. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी घरात सुरू झालं. दांडीवरची लुगडी जळायची, भाकरीच्या पिठात केस निघायचे, घरावर दगड पडायचे. शेवटी तिच्या दंडावर काळ्या फुल्या उठल्या. मांत्रिक आला, लिंबू-मिरची झाली, कोंबडं झालं. शेजारच्या गावातल्या एका विधवा बाईनं केलं असं त्यानं सांगितलं. त्या बाईला लोकांनी चपलांनी मारलं. मी तेव्हा आठ वर्षांची, भिंतीआडून बघत होते.

फुल्या बिब्ब्याच्या होत्या. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की भाजल्यासारखं होतं, फोड येतो, काळा डाग राहतो. आपल्याकडं धोब्याच्या खुणेला, पायात काटा मोडला तर चटका द्यायला बिब्बा घरोघरी असायचा. मावशीनं मला ते स्वतः सांगितलं, पंचवीस वर्षांनी, स्वयंपाक करता करता. म्हणाली, सासू माहेरी पाठवत नव्हती. आई आजारी होती. बोलले असते तर मार बसला असता. अंगावर फुल्या उठल्या तेव्हा आठ दिवसांत पाठवलं.

मी तिला विचारलं, त्या विधवा बाईचं काय? तिनं पीठ मळायचं थांबवलं नाही. म्हणाली, तेच तर रात्री आठवतं.

म्हणून मला भानामतीच्या गोष्टी मजा म्हणून ऐकवत नाहीत. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, डॉ. दाभोलकरांचा त्या २० ऑगस्टला खून झाल्यावर आलेला. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे, पाच ते पन्नास हजार दंड आहे. एखादीला चेटकीण ठरवून मारणं त्यात गुन्हा आहे. भुताच्या गोष्टी सांगणं गुन्हा नाही, हे आधीच सांगते, नाहीतर इथं लगेच कुणीतरी विचारेल.

दोन_नंबरचा_हापसा

मी विचारणारच होतो. गप्प बसतो. मावशींना नमस्कार सांगा.

तेरणाकाठ

वाचत होतो, लिहायचं नव्हतं.

आमचा भाग किल्लारीच्या भूकंपाचा. कुणीतरी लिहिलंच असतं की जुन्या गावात अनंत चतुर्दशीच्या रात्री ढोल ऐकू येतात, म्हणून मीच लिहितो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. दगड-मातीच्या रुंद भिंती अन् वर माळवदाची फूट-दोन फूट माती. सगळं अंगावर आलं. मी सात वर्षांचा होतो. गोठ्यात झोपलो होतो म्हणून आहे.

एक गोष्ट मात्र खरी. ९२ सालापासनं जमिनीतून आवाज यायचे. गडगड, तोफ उडाल्यासारखा, भांडी वाजायची. म्हातारी माणसं म्हणायची खाली काहीतरी जागं झालंय. शिकलेले त्यांना हसायचे. काही लोक महिनाभर बाहेर अंगणात झोपले, मग थंडी आली, मग आवाजाची सवय झाली.

जुन्या गावठाणात मी अजूनही जनावरं चारतो. चौकट दिसते एखादी, जोतं दिसतं, आमच्या दाराचा उंबरा दिसतो. ढोल नाही, काही नाही. मी बसलोय तिथं रात्री, दोनदा. ऐकायलाच बसलो होतो.

जागल्या

तेरणाकाठ, तुमच्या पोस्टनंतर काय लिहावं कळेना, म्हणून दोन दिवस गप्प होतो.

रातवा

पक्षी बघणारा माणूस आहे, म्हणून माझं सरळ काम. धागा काढणाऱ्यांना तीन प्रश्न. आवाज फक्त पावसाळा संपता संपताच येतो का? बुरुजात भोकं आहेत का? खाली काळपट, अंगठ्याएवढ्या गोळ्या पडलेल्या असतात का?

गव्हाणी घुबड. पांढरं बदामी तोंड, पंखांचा आवाज शून्य. तेच तुमच्या निम्म्या पांढऱ्या साड्या. ते घुमत नाही, किंचाळतं. आणि त्याची पिल्लं भूक लागली की घोरल्यासारखा खरखर आवाज सतत काढतात, आई उंदीर घेऊन आली की थांबतात, परत सुरू. घर्रर्र, थांबणं, घर्रर्र. ओळखीचं वाटतंय?

माझं नाव ज्यावरून घेतलं तो रातवाही सांगून टाकतो. रात्री तापलेल्या डांबरी रस्त्यावर बसतो, गाडीच्या दिव्यात डोळे लाल निखाऱ्यासारखे चमकतात, गाडी अगदी जवळ आली की उडतो. जालना रोडच्या एका भुताचा निकाल मी असा लावलेला आहे. ज्याला दाखवला त्यानं मला परत चहा पाजला नाही.

आडगावची_सून

माझा वेगळा प्रश्न. घुबड तर घुबड. पण खालची तळी तिथं आहे म्हणजे कधीतरी कुणीतरी दळलंच असेल. वरची तळी कुठं गेली?

जागल्या

कुणीतरी नेली असेल. गढीचे चिरेसुद्धा लोकांनी जोत्याला लावलेत. रातवा, दिवाळीत जातोय. गोळ्या बघून सांगतो.

सातवी_ड

धागा वर काढतोय. दिवाळी झाली. जागल्या, जिवंत आहात का?

जागल्या

जिवंत आहे. मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

आधी रातवा यांचं. बुरुजाच्या खाली गोळ्या सापडल्या, पसाभर. एक फोडली, आत केस आणि उंदराची कवटी, दात शाबूत. संध्याकाळी भोकातून एक पांढरं तोंड बाहेर बघून गेलं. नववीतला मी ज्याला घाबरून पळालो ते कोण होतं, याबद्दल मला आता शंका नाही.

मग आजीला सांगितलं, की दळणारी म्हणजे घुबडाची पिल्लं. मला वाटलं हसेल. आजी ८६ वर्षांची आहे. तिचं माहेर-सासर एकाच गावात, गढीच्या अलीकडं आणि पलीकडं. ती वाती वळत होती. म्हणाली, "आत्ता घुबड आसंल. तवा नव्हतं." एवढंच. पुढं दोन दिवस काही बोलली नाही. "तू काहून विचारायलास?" एवढंच परत परत.

भाऊबीजेच्या रात्री बाकीचे झोपल्यावर स्वतःच बोलायला लागली. मी रेकॉर्ड केलं नाही, करावंसं वाटलं नाही. तिच्या शब्दांत जेवढं आठवतंय तेवढं.

रझाकारात, म्हणजे निझामाच्या बाजूच्या रझाकार टोळ्यांच्या धुमाकुळात, ती दहा वर्षांची होती. रझाकार येणार अशी हूल उठली की बायका-पोरी गढीच्या बळदात जायच्या. बळद म्हणजे धान्य ठेवायची अंधारी कोठडी, गढीत ती तटाच्या पोटात होती. पेंढीनं तोंड झाकायचं. तिथं दिवस दिवस काढले. एका पोरीला खोकला होता, तिच्या तोंडात तिची आई पदराचा बोळा धरून बसायची. गावात पिंजाऱ्याचं, म्हणजे कापूस पिंजणाऱ्या मुसलमानाचं, एक घर होतं. हूल खरी की खोटी, हे तो पिंजारी दोन कोसांवर जाऊन बघून यायचा आणि रात्री बळदाच्या तोंडाशी येऊन सांगायचा.

मग ॲक्शन झाली, म्हणजे निझामाचं राज्य घ्यायला भारताचं सैन्य आलं. आजीच्या भाषेत 'मिल्ट्री आली'. "त्या साली आनंत झाला, मिल्ट्री आली, अन् लगीच पितरपाट लागला." आणि मग उलटं सुरू झालं. शेजारच्या गावांतून माणसं निघाली. त्यांना रझाकार सापडले नाहीत, मग सापडेल त्याला. एका रात्री आजीची आई पिंजाऱ्याच्या घरी गेली आणि बाई, तीन लेकरं आणि म्हातारी यांना घेऊन गढीत आली. त्याच बळदात. पिंजारी स्वतः आला नाही. तो हैदराबादकडं निघाला म्हणून सांगतात, पोचला का नाही ते आजीला माहीत नाही.

पाच माणसांना खायला पाहिजे. पाच माणसांचं जास्तीचं पीठ घरात दळलं तर शेजारणीला कळतं, जातं किती वेळ फिरलं ते आळीला कळतं. म्हणून आजीची आई ज्वारी पदराखाली गढीत न्यायची. गढीत जुनं जातं होतं. रात्री दोघी मिळून दळायच्या, ती आणि पिंजारीण. ओवी नाही. ओवीशिवाय दळायचं म्हणजे हात जड होतो, आजी म्हणाली.

आवाज तर यायचाच. तिसऱ्या दिवशी गावात कुणीतरी म्हणालं, गढीत काय वाजतंय? आजीच्या आईनं पाणवठ्यावर सगळ्यांसमोर अंगावर काटा आल्यासारखं केलं आणि म्हणाली, पितरपाट आहे, कोणतरी दळायलंय, मी नाही जाणार बाई तिकडं. दहा वर्षांच्या आजीला शिकवून ठेवलं होतं, की पोरींत सांग. तिनं सांगितलं. तिच्याच तोंडून ते गावभर झालं. "मीच केली ती दळणारी," म्हणाली, आणि हसली. या वयातसुद्धा आजी पोरीसारखी हसली.

म्हणून त्या भुताला नाव नाही आणि मरणही नाही. गोष्ट रचायला वेळच नव्हता.

अमावस्येनंतर एका रात्री त्या पाच जणांना गाडीत कडब्याखाली घालून सेलू स्टेशनाला पोचवलं. दुसऱ्या दिवशी आजीच्या आईच्या लक्षात आलं, की जात्याच्या तोंडात, खुंट्यापाशी ताजं पीठ आहे. कुणी बघितलं तर भूत संपतं आणि चौकशी सुरू होते. खालची तळी पुरलेली, निघेना. वरची तिनं रात्री डोक्यावर घरी आणली.

वरची तळी आमच्या न्हाणीत आहे. मी जन्मल्यापासून तिच्यावर उभा राहून अंघोळ करत आलोय. मधल्या तोंडातून पाणी जातं. खुंट्याच्या भोकात मी लहानपणी साबणाचा तुकडा ठेवायचो. ते खुंट्याचं भोक आहे हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

पेवातली_ज्वारी

दोनदा वाचलं. ओवीशिवाय दळणं म्हणजे काय, हे ज्यांनी दळलंय त्यांनाच कळेल.

गावकरी_७७

रझाकारांनी काय केलं ते आधी लिहा की. हे दुसरंच कशाला उकरायचं?

जागल्या

आधी तेच लिहिलंय. खोकल्याच्या पोरीचं परत वाचा.

रिटायर्ड_मास्तर

गावकरी, दोन्ही खरं आहे. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी आपल्या लातूरचाच वकील. त्यांनी गावं लुटली, जाळली, माणसं मारली. घरोघरी त्या आठवणी आहेत. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन झाली आणि त्यानंतरचे काही आठवडे काय झालं ते बघायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तो अहवाल कित्येक वर्षं बाहेर आलाच नाही. सगळ्यात जास्त झळ लागलेले म्हणून त्यात चार जिल्हे सांगितलेत, उस्मानाबाद, नांदेड, गुलबर्गा आणि बीदर. परभणीचं नाव त्या चारांत नाही. जागल्यांच्या आजीला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.

पितरपाटाचा हिशेब मी जुन्या पंचांगाच्या रीतीनं लावून बघितला. त्या साली अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरच्या आसपासच येते. आजीचं चुकलेलं नाही.

रातवा

माझं घुबड मी मागे घेतो. म्हणजे घुबड आहेच, पण मागे घेतो.

कोपीवाला

खालच्या तळीला शेंदूर कुणी लावला मग?

जागल्या

आजीच्या आईनंच. पहिल्या वर्षी, पितरपाटातच. मग बाकीच्या बायका लावायला लागल्या.

आडगावची_सून

आणि वरची? अजून न्हाणीतच?

जागल्या

हो. निघायच्या दिवशी आजीला म्हणालो, उचलून धुऊन देवघरापाशी ठेवतो. म्हणाली, राहू दे तिथंच. टाचा मग कशानं घासू?